तिसऱ्या गल्लीचं पाणी

त्या दिवशी पाणी तिसऱ्या गल्लीला जायचं होतं. मी ते पाचव्या गल्लीला वळवलं. स्वतःच्या हातानं चावी फिरवली नाही, नुसता एक फोन केला. पण वळवलं मीच. एवढं साधं वाक्य, तरी ते तोंडातून बाहेर यायला मला फार काळ लागला, आणि त्या काळात माझ्या वाट्याचा दोष दुसऱ्या कुणीतरी वाहिला.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पाण्याच्या पाइपाला बांधायचा आमचा पितळी 'कान' आता बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे. तीन देशांतले लोक त्यावर मिळून काम करतात. मुकुंदवाडीच्या पलीकडं, चिकलठाण्याकडं जाताना लागणाऱ्या ज्या गुंठेवारी वसाहतीत हे काम सुरू झालं, तिथल्या बायका आज आमच्या देखरेख समितीवर बसतात आणि आम्हाला उभं करून प्रश्न विचारतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. फक्त त्या अभिमानाच्या पोटात काय आहे, तेही सांगितलं पाहिजे.

सुरुवात एका जाहिरातीनं झाली. तीन देशांच्या सरकारांनी मिळून संशोधनासाठी एक निधी काढला होता. त्याची अट मला नवीन होती. समाजाचा एखादा जुना, सगळ्यांनी हात टेकलेला प्रश्न घ्यायचा. त्यावर असं तंत्रज्ञान आणायचं की चालत आलेली पद्धतच उलटीपालटी होईल. आणि हे काम एकाच विषयाच्या माणसांनी करायचं नाही, वेगवेगळ्या विषयांच्या आणि तिन्ही देशांच्या लोकांनी बरोबरीनं करायचं. आमच्या कॉलेजात तोवर कुणी असला प्रस्ताव केला नव्हता. स्टाफरूममध्ये एकजण म्हणालाही, "अहो, आपल्याला प्रयोगशाळेचा पंखा दुरुस्त करून मिळत नाही."

घरी वडिलांना सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, ते पाळण्यात होते. पण पुढं तहसिलीत कारकून म्हणून लागले तेव्हा त्यांचे साहेब निजामाच्या अमदानीत शिकलेले. त्यामुळं आमच्या घरात अर्ज कधी नव्हताच, दरखास्त होती. सुनावणी नव्हती, पेशी होती. शहराचं नाव बदललं तरी ते अजून औरंगाबादच म्हणतात.

"दरखास्त कुणाच्या नावानं केली?" त्यांनी विचारलं.

"तीन सरकारांच्या."

"आणि कशाबद्दल?"

"नळाला पाणी कधी येणार ते आधी कळावं, त्याबद्दल."

ते बराच वेळ हसले. "समुद्रापलीकडचे लोक आपल्या नळाला पैसे देणार म्हणतोस. बघ बाबा. काहीतरी गोम असेल."

गोम काही नव्हती. मला सोबती मात्र शोधावे लागले. पोर्तुगालच्या कोरड्या भागात पाण्यावर काम केलेले एक वयस्कर प्राध्यापक मला पूर्वी एका परिषदेत भेटले होते. ते तयार झाले. त्यांच्या ओळखीनं नैरोबीची एक तरुण संशोधिका आली. संगणकाला आवाजांवरून शिकवण्यात तिचा हातखंडा होता. आणि समाजशास्त्राचं कुणीतरी हवं, अशी अट होती म्हणून, खरंच अट होती म्हणूनच, मी शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजातल्या बाईंना फोन केला. त्या समाजशास्त्र शिकवायच्या. मी त्यांना मॅडम म्हणत आलो, इथंही तसंच म्हणतो.

पहिला मसुदा मी त्यांच्या हातात दिला. त्यात शेवटचं प्रकरण 'सामाजिक परिणाम' असं होतं आणि ते रिकामं ठेवलेलं होतं. ते त्यांनी भरायचं होतं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"सर, लग्नात शेवटच्या पंगतीला बसवतात ना, तसं बसवलंत मला. उरलंसुरलं असेल ते वाढा आता."

मला राग आला. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. पाणी कधी येणार हे आधी कळलं, तर घरातल्या नेमक्या कुणाचा दिवस मोकळा होतो? मी सहज म्हणालो, सगळ्यांचाच. त्या म्हणाल्या, "नाही. चला माझ्याबरोबर, दाखवते."

त्यांनी मला त्या वसाहतीत नेलं. तिथं स्वतःची एक उंच टाकी आहे. विहिरीचं आणि टँकरचं पाणी त्यात चढवतात आणि रहिवाशांची समिती ते गल्लीगल्लीला पाळीनं सोडते. व्हॉल्व्हची चावी फिरवायला समितीनं एक लाइनमन ठेवला आहे. पाळी ठरलेली, पण विजेचा आणि टँकरचा भरवसा नसल्यामुळं ती पुढंमागं होते. त्यामुळं पाळीच्या दिवशी घरातली एक बाई कामावर जात नाही. आज नाही आलं तर दुसऱ्या दिवशीही नाही. कंपनीत पॅकिंगला जाणारी असो की धुण्याभांड्याला जाणारी, नळापाशी बसून राहते. पुरुष कधी बसत नाही. मी या शहरात जन्मलो, माझी आईही नळापाशी बसून असायची, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही प्रस्ताव पुन्हा लिहिला. या वेळी मॅडमचा प्रश्न पहिल्या पानावर आला आणि माझं यंत्र मागं गेलं. पोर्तुगालचे प्राध्यापक म्हणाले, आता हा प्रस्ताव वाटतो. निधीची रीत अशी होती की आधी थोडे पैसे देऊन काम सुरू करून बघायचं, मग त्यांचे परीक्षक येऊन पाहणी करणार आणि मगच मोठी मंजुरी. पहिला टप्पा आम्हाला मिळाला.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही कान तयार केला. पाइपाभोवती बसणारा पितळी पट्टा, त्याच्या आत आवाज टिपणारी एक चकती. रिकाम्या पाइपात पाणी शिरताना पुढची हवा ढकलली जाते. तिचा आवाज पाण्याच्या बराच आधी येतो. तो ऐकला की कान वाजायचा. त्याशिवाय टाकीजवळच्या मोठ्या पाइपावरचे आवाज रोज नैरोबीला जात. तिथली आमची सहकारी त्यावरून संगणकाला शिकवी, आणि उद्या कुठल्या गल्लीला केव्हा पाणी येईल याचा निरोप आदल्या संध्याकाळी बायकांच्या फोनवर येई. नैरोबीतल्या मुलीला आमच्या टाकीच्या मोटारीचा आवाज ओळखू येऊ लागला होता. एकदा ती म्हणाली, "तुमची मोटार आज दमलेली वाटते." खरंच तिचं बेअरिंग गेलं होतं. मी तो किस्सा महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

कान लावून घ्यायला सगळ्यात जास्त नकार तिसऱ्या गल्लीतून आला. तिथं एक बाई खानावळ चालवते. चिकलठाण्याच्या कंपन्यांतले कामगार तिच्याकडं जेवतात, शिवाय बारशा-साखरपुड्याच्या ऑर्डरी घेते. गल्ली तिचं ऐकते. मी तिला यंत्र समजावून सांगितलं. हे जुनी घडी मोडणारं तंत्रज्ञान आहे, असंही बोलून गेलो.

"आमची घडी आधीच मोडलेली हाय, सर," ती म्हणाली. "तुमी आनखी काय मोडता?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मॅडमही हसल्या. मग त्या तिच्या ओट्यावर बसल्या, दुसऱ्या दिवशीही जाऊन बसल्या, लसूण सोलून दिला, आणि यंत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "लावा. पन तुमच्या तोंडाकडं बघून लावते, मॅडम. मशीनकडं बघून नाय."

तिच्यामागून सगळ्या गल्लीनं कान लावले. ती आधी निरोपावर विसंबायची नाही, टँकर सांगून ठेवायचीच. मग निरोप खरे ठरत गेले तसा टँकर बंद केला. पाळीच्या दिवशी नळापाशी बसायला जी पुतणी ठेवायची, तिला शिवणकामाच्या क्लासला घातलं. हे मॅडमनी आम्हा सगळ्यांना बैठकीत सांगितलं तेव्हा पोर्तुगालचे प्राध्यापक टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, याच्यासाठीच हे सगळं केलं.

मग पाहणीचा दिवस ठरला. निधीचे दोन परीक्षक आणि पोर्तुगालचे प्राध्यापक येणार होते. आम्ही मुद्दाम पाचव्या गल्लीच्या पाळीचा दिवस धरला. ती गल्ली रस्त्याला लागून, सिमेंटची, झाडंबिडं असलेली. दोन दिवस आधीपासून तिथं तयारी चालली होती. बायकांनी सडा घातला, रांगोळ्या काढल्या. एका घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे. मंडप घालायचा की नाही यावरून माझं आणि मॅडमचं भांडण झालं आणि मी घातला.

पाहुण्यांचं मुंबईहून येणारं विमान रद्द झालं. ते एक दिवस उशिरा आले. म्हणजे ज्या दिवशी ते वसाहतीत येणार, तो दिवस तिसऱ्या गल्लीचा झाला.

"मग तिसऱ्या गल्लीत नेऊ," मॅडम म्हणाल्या. "तिथंच तर खरं काम आहे."

"तिथं चेंबर फुटलंय, मॅडम. वास येतो."

"मग? त्यांच्या देशात चेंबर फुटत नाही?"

मी हसलो आणि बघू म्हणालो. खरं कारण चेंबर नव्हतं. खानावळवाल्या ताई पाहुण्यांपुढं काय बोलतील याची मला भीती होती. त्यांना यंत्राबद्दल शंका असली तर त्या तोंडावर सांगणार. आणि दुसरं असं की पाचव्या गल्लीत मंडप होता. पाहुणे इतक्या लांबून आलेले. आपल्याकडं पाहुण्याला पुढची खोली दाखवतात, मागची नाही. हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं होतं की त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही.

सकाळी मी लाइनमनला फोन केला. आज आधी पाचव्या गल्लीला सोड, असं सांगितलं.

"सर, आज तिसरीची पाळी हाय."

"माहीत आहे. तिसरीला मग सोड."

"टाकीत तेवढं नाय, सर. पाचवीला सोडलं तर तिसरीला उद्याच."

हे मी स्पष्ट ऐकलं. पुढं कधी स्वतःची समजूत घालताना मी ते न ऐकल्यासारखं करत आलो, म्हणून इथं लिहून ठेवतो. मी ऐकलं होतं.

"पाहुणे आलेत रे," मी म्हणालो. "परदेशातून."

"बरं. पाहुन्याचं म्हनल्यावर काय."

पाहणी दृष्ट लागावी अशी झाली. सगळे मंडपात बसले असताना कान वाजला, आणि चहा संपायच्या आत नळाला पाणी आलं. लहान पोरं ओरडली. परीक्षकांपैकी एक बाई होत्या. त्यांनी नळाखाली ओंजळ धरली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "या पाण्याची खबर तुम्ही आधी दिली होती?"

"काल संध्याकाळीच निरोप गेला," मी म्हणालो.

निरोप गेला होता. तिसऱ्या गल्लीला गेला होता. मी वाक्य अर्धं बोललो आणि त्यांनी ते पूर्ण समजून लिहून घेतलं. मॅडम तेव्हा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला प्राध्यापकांसाठी एका म्हातारीचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. त्यांनी हे ऐकलं नाही.

दुपारी कॉलेजात पाहुण्यांची जेवणं चालू असताना मॅडमचा फोन वाजला. खानावळवाल्या ताई होत्या. फोनवरचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

"मॅडम, बारशाची ऑर्डर हाय. टँकरवाला विचारायला आला व्हता, त्याला मी वापस पाठवला, तुमचा मेसेज दाखवून. नळ कोरडा हाय. कान बी गप हाय."

मॅडम ताट तसंच ठेवून उठल्या. मी म्हणालो, "पाळी पुढंमागं झाली असेल, यंत्राला कळलं नसेल." त्या रिक्षा करून गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, तोवर टँकर दुसरीकडं लागलेले. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या टाक्यांतलं पाणी काढून दिलं. स्वयंपाक झाला, पण बारशावाले वाट बघून हॉटेलातून जेवण घेऊन गेले होते. ते अन्न त्या दिवशी गल्लीनं खाल्लं. पुढं कितीतरी दिवस ताईंना कुणी मोठी ऑर्डर दिली नाही. वेळेवर जेवण देते हीच तिची ओळख होती.

आठवडाभरानं ती मॅडमच्या कॉलेजात आली. योगायोगानं मी तिथंच होतो. तिनं पिशवीतून गल्लीतले सगळे कान काढून टेबलावर ठेवले. प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"धुऊनपुसून आनलेत," ती म्हणाली. "तुमची वस्तू तुमाला."

मॅडमनी विचारलं, "माझ्यावर रागावलात?"

"तुमच्यावर राग नाय. तुमचं मशीन खोटं बोललं. पन मी मशीनकडं बघून कुठं लावलं व्हतं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. ती गेली. मॅडमनी ते कान एकेक करून कपाटात ठेवले. तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि तरीही बोललो नाही. मंजुरी यायची होती. मंजुरी आली की सांगू, असं मी ठरवलं. माणूस अशा वेळी स्वतःला फार सोयीचं वचन देतो.

तिकडं नैरोबीची सहकारी त्या एका दिवसामागं लागली. संगणकानं तिसरी गल्ली सांगितली आणि पाणी पाचवीला गेलं, हे कसं? तिनं सगळे आवाज पुन्हा ऐकले. चांगली चालणारी रीत टाकून दुसरी बांधली. दर बैठकीत म्हणायची, "माझं कुठं चुकलं ते अजून सापडत नाही. मला थोडा वेळ द्या." आणि मी म्हणायचो, "घे, वेळ घे."

मंजुरी आली. तिन्ही देशांतून आलेल्या ढीगभर प्रस्तावांत आमचा निवडला गेला होता. मराठवाड्यातल्या एका साध्या कॉलेजाचं नाव त्या यादीत होतं. कॉलेजनं सत्कार ठेवला. वडील जुना कोट घालून, टोपी घालून आले. येताना क्रांती चौकात रिक्षा थांबवून पेढे घेतले, आणि पेढेवाल्यालाही सांगितलं, "पोराची दरखास्त मंजूर झाली. तीन सरकारांकडनं." त्या दिवशी त्यांचा चेहरा जसा होता, तसा मी माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

माझं भाषण झालं. मग मॅडम उठल्या. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, "आमचं यंत्र एकदा चुकलं. त्याची किंमत एका बाईनं दिली. ते का चुकलं हे शोधायचं, हे या पैशातलं पहिलं काम. माझ्या शब्दावर त्यांनी ते लावलं होतं, म्हणून ते देणं माझ्याकडं आहे."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. फोन, लाइनमन, टाकीत पुरेसं पाणी नव्हतं ते, आणि परीक्षक बाईंना दिलेलं अर्धं उत्तर. त्या स्कूटरचं हँडल धरून उभ्या होत्या.

"मला सांगून काय उपयोग, सर?" त्या शेवटी म्हणाल्या. "टँकर मी परत पाठवला नव्हता."

आणि स्कूटर सुरू करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी भागीदारांची ऑनलाइन बैठक बोलावली. मॅडमही आल्या. मी सांगून संपवलं. मग नैरोबीची सहकारी म्हणाली, "म्हणजे माझं गणित बरोबर होतं." ती हसल्यासारखं हसली आणि तिनं कॅमेरा बंद केला. तो काळा चौकोन अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. पोर्तुगालचे प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही पाहुण्यांसाठी केलंत, ते मला कळतं. माझ्या आईनंही तेच केलं असतं. पण आता निधीला कळवावं लागेल. आणि ते तुम्ही कळवायचं, आम्ही नाही."

मी कळवलं. निधीनं पैसे थांबवले आणि चौकशी लावली. कॉलेजात माझ्याकडं बघून लोक बोलायचे थांबत. प्राचार्यांनी बोलावून विचारलं की आपणहून सांगायची काय गरज होती.

माझ्या सोबत्यांबद्दल मला जो अभिमान आहे, तो याच दिवसांतला. पैसे नव्हते, मोठी मंजुरी हातची जाणार हे दिसत होतं, तरी एकानंही काम सोडलं नाही. नैरोबीची सहकारी चौथ्या की पाचव्या दिवशी परत आली आणि म्हणाली, माणूस चावी कुणासाठी वळवतो, हे आपण कधी विचारातच घेतलं नाही. पाण्यावर काम करणारे, आवाजांवर काम करणारे आणि मॅडमसारखे माणसांवर काम करणारे, तिघंही त्या एकाच प्रश्नावर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं एकत्र बसले. इतके दिवस आम्ही वेगवेगळ्या ताटांत जेवत होतो. मॅडमनीच असं सुचवलं की चावी कधी, कुठल्या गल्लीला आणि कुणाच्या सांगण्यावरून फिरली, हे सगळ्या गल्ल्यांना फोनवर दिसावं. लाइनमनला ते फार आवडलं. "बरं व्हईल," तो म्हणाला. "मंग मला फोन कोन करंल?" पुढं चौकशी संपली आणि निधी सुटला. गल्लीतल्या बायका देखरेख समितीवर असल्या पाहिजेत, अशी अट त्यांनी घातली. यंत्रापेक्षाही हे माझ्या लेखी मोठं काम आहे, आणि ते माझ्या चुकीतून उभं राहिलं, तरी ते माझं नाही.

पण हे सगळं नंतरचं. पैसे थांबलेले होते तेव्हाच एका सकाळी वडिलांनी मला हाक मारली. त्यांना सगळं कळलं होतं.

"दरखास्तीत खोटं लिहिलं होतंस?"

"लिहिलं नव्हतं. बोललो होतो."

"मग जास्तच वाईट. लिहिलेलं खोडता तरी येतं." त्यांनी पेपर घडी घालून ठेवला. "त्या बाईची माफी मागितली?"

"सगळ्यांना लेखी कळवलंय, अण्णा. तिन्ही देशांना."

"ती कुठल्या देशात राहते?"

मी त्याच दिवशी निघालो. मॅडमना फोन करून बरोबर येता का विचारलं. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही, सर. मी आले तर तुम्ही माझ्याकडं बघून बोलाल."

दुपारची वेळ होती. तिसऱ्या गल्लीतलं चेंबर अजून फुटलेलंच होतं, त्यावर फळी टाकली होती. खानावळीत कामगार जेवत होते. ताई चुलीपाशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोन? कानवाले सर व्हय. या, बसा. पिठलं हाय आज."

"जेवतो नंतर," मी म्हणालो. "आधी एक सांगायचंय."

"उभ्यानं? बसून सांगा की."

"उभ्यानंच सांगतो."

एक कामगार घास हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. बाकीच्यांनीही माना वळवल्या. मला वाटलं, ताईंना बाहेर बोलवावं. पण त्यांचं नाव गेलं होतं ते सगळ्यांदेखत, तेव्हा मी तिथंच बोललो. येताना वाटेत जे जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"ताई, त्या दिवशी मशीन खोटं बोललं नव्हतं. तुमच्या गल्लीला पाणी येणार होतं. मी लाइनमनला फोन करून ते पाचव्या गल्लीला न्यायला लावलं, पाहुण्यांना दाखवायला. मग तुमच्याकडं पाणी येणार नाही, हे त्यानं मला सांगितलं होतं. लाइनमनची चूक नाही. मॅडमची तर नाहीच नाही, त्यांना हे माहीतही नव्हतं. तुम्ही कान परत आणलेत तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि बोललो नाही. तुमची ऑर्डर माझ्यामुळं गेली, आणि तुमचा शब्द माझ्यामुळं खोटा पडला. माझं चुकलं, ताई. मला माफ करा."